सलाइनमधले औषध आणि न विचारलेला प्रश्न

नागीण हा आजार आपल्याकडे घरोघर माहीत आहे. कमरेभोवती किंवा छातीवर एका बाजूला पुरळाचा पट्टा उठतो, असह्य आग होते, आणि बहुतेक माणसे काही आठवड्यांत बरी होतात. १९९३ च्या सप्टेंबर महिन्यात या आजारावरचे सोरिव्ह्युडिन नावाचे एक नवे औषध जपानमध्ये विक्रीस आले. नागिणीवर ते गुणकारी होते. तथापि विक्री सुरू झाल्यापासून चाळीस दिवसांच्या आत ते घेणाऱ्या पंधरा रुग्णांना मृत्यू आला. हे पंधराही जण कर्करोगाचे रुग्ण होते. पण त्यांना कर्करोगाने मारले नाही, आणि नागिणीनेही नाही. एका डॉक्टरने दिलेले औषध व दुसऱ्या डॉक्टरने दिलेले औषध यांची त्यांच्या शरीरात गाठ पडली आणि त्यातून विषबाधा झाली. दोन्ही औषधे आपापल्या जागी योग्य होती. चूक झाली ती दोन दवाखान्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत.

ही मोकळी जागा हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वैद्यकाविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा हक्क मला नाही. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवितो. परंतु एखादी माहिती कोणाजवळ असते, ती कोणापर्यंत पोचते आणि ती पोचविण्यात कोणाचे हित असते, हे प्रश्न अर्थशास्त्राच्या कक्षेत येतात. जपानमधील ते मृत्यू औषधाच्या टंचाईमुळे घडले नाहीत, पैशाच्या टंचाईमुळेही नाहीत. ते माहितीच्या टंचाईमुळे घडले. आणि तीही अशा माहितीच्या, जी आधीच उपलब्ध होती.

हौद आणि मोरी

या प्रकरणातील कर्करोगावरचे औषध म्हणजे फ्लुरोयुरॅसिल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात चार्ल्स हायडेलबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये ते पुढे आणले. इतक्या वर्षांनंतरही मोठे आतडे, जठर, स्तन, डोके व मान यांच्या कर्करोगांवर ते वापरले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, आणि आपल्या राष्ट्रीय यादीतही आहे. ते शिरेतून दिले जाते. कधी थेट टोचून, तर कधी छोट्या पंपाच्या साहाय्याने दोन दोन दिवस सावकाश. जपानमधील रुग्णांपैकी अनेक जण तोंडाने घ्यावयाची, परंतु शरीरात गेल्यावर याच औषधात रूपांतरित होणारी औषधे घेत होते. परिणामाच्या दृष्टीने दोहोंत फरक नाही.

या औषधाचे गणित हौद आणि मोरी यांच्या उदाहरणाने समजेल. शरीरात गेलेल्या फ्लुरोयुरॅसिलपैकी चार पंचमांशाहून अधिक भाग शरीर स्वतःच, मुख्यतः यकृतात, नष्ट करून टाकते. हे काम डायहायड्रोपिरिमिडीन डीहायड्रोजनेज असे लांबलचक नाव असलेले एक विकर करते. डॉक्टर जी मात्रा ठरवितात ती ही मोरी उघडी आहे असे धरूनच. सोरिव्ह्युडिन पोटात गेले की आतड्यातील जीवाणू त्याचे विघटन करतात, आणि त्यातून निघणारा पदार्थ नेमके हेच विकर कायमचे निकामी करतो. शरीर नवे विकर घडवीपर्यंत मोरी बंद राहते. मात्रा कागदावर तीच असते, पण हौद भरून वाहू लागतो. अस्थिमज्जा आणि आतड्याचे अस्तर यांवर पहिला आघात होतो. रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, तोंडात व्रण पडतात, रक्ती जुलाब लागतात, आणि साध्या जंतुसंसर्गाशी झुंजण्याचीही ताकद उरत नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. तोंड येणे, जुलाब होणे, पांढऱ्या पेशी कमी होणे हे फ्लुरोयुरॅसिलचे नेहमीचे दुष्परिणामही आहेत. त्यामुळे दोन औषधांच्या संघर्षातून एखादा रुग्ण दगावला, तरी त्याचे खापर सहजपणे रोगावर किंवा ‘किमो झेपली नाही’ या नेहमीच्या वाक्यावर फुटते. जपानमध्ये एकाच नव्या औषधाभोवती अल्पावधीत अनेक मृत्यू घडले म्हणून ते दिसले. एकेकटा मृत्यू दिसत नाही. तो दुःखात विरून जातो.

ठाऊक होते, पण कोणाला?

हा संघर्ष अकल्पित होता काय? मुळीच नव्हता. सोरिव्ह्युडिनपासून निघणाऱ्या त्या पदार्थामुळे फ्लुरोयुरॅसिलचे शरीरातील विघटन रोखले जाते, हे उंदरांवरील प्रयोगांतून १९८६ मध्येच एका ख्यातनाम संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाले होते. म्हणजे विक्री सुरू होण्यापूर्वी सात वर्षे ही माहिती ग्रंथालयात होती. औषधासोबतच्या माहितीपत्रकातही फ्लुरोयुरॅसिलच्या जातीच्या औषधांबरोबर ते देणे टाळावे अशी सूचना होती. इतकेच नव्हे, तर औषध बाजारात येण्यापूर्वीच्या चाचण्यांच्या काळातही असे मृत्यू घडले होते, हे नंतर उघडकीस आले.

मग ही माहिती रुग्णशय्येपर्यंत का पोचली नाही? एक कारण असे की, नागिणीवर उपचार करणारा त्वचारोगतज्ज्ञ वेगळा आणि कर्करोगावर उपचार करणारा शल्यचिकित्सक वेगळा. दुसरे कारण अधिक हृदयद्रावक आहे. त्या काळी जपानमध्ये रुग्णाला कर्करोग झाल्याचे न सांगण्याची रूढी होती. नातेवाइकांना कल्पना दिली जाई. रुग्णाला मात्र दुसरेच काही नाव सांगितले जाई. ज्याला आपल्याला कर्करोग आहे हेच ठाऊक नाही, तो दुसऱ्या डॉक्टरला ‘मी कर्करोगाचे औषध घेतो आहे’ असे कसे सांगणार? त्याच्या मनाला धक्का बसू नये म्हणून जे लपविले गेले, तेच त्याच्या जिवावर बेतले.

याच प्रकरणाचा एक उपकथाभाग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये असा आहे. औषध विकणाऱ्या निप्पॉन शोजी या कंपनीतील काही जणांना मृत्यूंची वार्ता जाहीर होण्यापूर्वीच कळली, आणि त्यांनी कंपनीचे समभाग तत्परतेने विकून टाकले. आधी मिळालेल्या वार्तेवरून व्यवहार केल्याबद्दल एका डॉक्टरवर खटला झाला; तो जपानच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९९९ मध्ये त्या न्यायालयाने निर्णय दिला. नैतिक संताप क्षणभर बाजूला ठेवून या घटनेकडे पाहावे. शेअरबाजारात त्या माहितीला मोल होते, म्हणून ती तासातासाने पुढे सरकली. दवाखान्यात तिला कोणी मोल देत नव्हते, म्हणून ती सात वर्षे ग्रंथालयातून बाहेर पडली नाही. माहिती तीच होती. फरक होता तो ती वाहून नेण्यातील लाभाचा.

आपल्या घरातील चित्र

‘हे जपानचे झाले; ते औषध आता कोठे आहे?’ असे कोणी म्हणेल. सोरिव्ह्युडिन बाजारातून गेले हे खरे. परंतु त्याच्याच जातकुळीचे ब्रिव्ह्युडिन हे नागिणीवरचे औषध युरोपातील अनेक देशांत वापरले जाते, आणि त्याच्या व फ्लुरोयुरॅसिलच्या संयोगाने तेथेही मृत्यू घडले आहेत. दोहोंमध्ये निदान चार आठवड्यांचे अंतर हवे, अशी आठवण युरोपच्या औषध नियामकांना २०२० मध्ये डॉक्टरांना पुन्हा करून द्यावी लागली. १९९३ चा धडा सत्तावीस वर्षांनी परत गिरवावा लागला. असिक्लोव्हिर हे नागिणीवरचे आपल्याकडील परिचित औषध या विकराला धक्का लावीत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. उगाच भीती पसरविणे हा या लेखाचा हेतू नाही.

पण फ्लुरोयुरॅसिलचे वाकडे केवळ नागिणीच्या औषधाशी नाही. हृदयाची झडप बदललेले अनेक रुग्ण रक्त गोठू नये म्हणून वॉरफॅरिनची गोळी रोज घेतात. त्यांना फ्लुरोयुरॅसिल दिले गेले, तर वॉरफॅरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन घेणाऱ्यांच्या रक्तात त्या औषधाचे प्रमाण वाढून तोल जाणे, झापड येणे, डोळे भिरभिरणे असे त्रास उद्भवू शकतात. फॉलिक अॅसिडचे उदाहरण तर विचारात पाडणारे आहे. त्याच्याच कुळातील फोलिनिक अॅसिड डॉक्टर मुद्दाम फ्लुरोयुरॅसिलबरोबर देतात, कारण त्याने औषधाचा जोर वाढतो. मग घरी ‘अशक्तपणा आला आहे’ म्हणून कोणी आपल्या मनाने फॉलिक अॅसिडच्या गोळ्या सुरू केल्या, तर औषधाबरोबर त्याच्या विषारीपणाचाही जोर वाढण्याचा संभव असतो. ताकदीची गोळी निरुपद्रवीच असणार, हा आपला समज येथे फसतो.

शिरेतून दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका औषधाचे, मेथोट्रेक्सेटचे, उदाहरणही असेच बोलके आहे. रक्ताच्या व हाडांच्या काही कर्करोगांत ते मोठ्या मात्रेत देतात. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. डिक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या त्याच्या उत्सर्जनात अडथळा आणतात, आणि को-ट्रायमोक्साझोल हे जुने, स्वस्त, सर्वत्र मिळणारे जंतुनाशक त्याचा अस्थिमज्जेवरील घाव अधिक खोल करते. डिक्लोफेनॅक हे कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नये असे औषध. प्रत्यक्षात ते कसे मिळते, हे कोणत्याही गावच्या कोपऱ्यावरील मेडिकलमध्ये पाच मिनिटे उभे राहिल्यास समजेल. ‘कंबर दुखते’ म्हटले की गोळ्या हातात पडतात. ‘दुसरे काही औषध चालू आहे का?’ हा प्रश्न ऐकू येत नाही.

शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधाच्या बाबतीत ही अडचण दुणावते. मधुमेहाची वा रक्तदाबाची गोळी असली तर तिची पट्टी घरात असते. नाव पाठ नसले तरी डॉक्टरांपुढे पट्टी धरता येते. केमोथेरपीच्या औषधाची बाटली रुग्णालयात फुटते व रुग्णालयातच फेकली जाते. तिच्यासोबतचे इंग्रजीतील, मुंगीच्या अक्षरांचे माहितीपत्रकही तेथेच राहते. घरी येते ते फक्त ‘सलाइन लावले’ किंवा ‘तिसरी किमो झाली’ एवढे वाक्य. शरीरात गेलेले सर्वांत तीव्र औषध घरात कोणालाच नावाने ठाऊक नसते.

त्यात आपलाही एक रिवाज जपानसारखाच आहे. कर्करोग हा शब्द घरात उच्चारला जात नाही. ‘गाठ होती, काढली’, ‘पोटाचा त्रास आहे’ एवढेच वडीलधाऱ्यांना सांगितले जाते. समजा, सोलापूर किंवा रत्नागिरी जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक मुंबईला जाऊन केमोथेरपी घेऊन आले. दहा दिवसांनी कंबर दुखू लागली, तोंड आले. मुलगा कामावर गेला आहे. ते एकटेच गावच्या डॉक्टरांकडे जातात. डॉक्टर विचारतात, ‘गुरुजी, काय होतंय?’ गुरुजींना आपल्या आजाराचे नावच माहीत नाही. डॉक्टर सद्भावनेने वेदनाशामक, जंतुनाशक आणि ताकदीच्या गोळ्या लिहून देतात. या सर्व साखळीत दुष्ट कोणीही नाही. मुलाने प्रेमापोटी लपविले, डॉक्टरांनी लक्षणांप्रमाणे औषध दिले, दुकानदाराने चिठ्ठीप्रमाणे विकले. तरीही परिणाम घातक ठरू शकतो.

माहितीचा मोबदला

केनेथ अॅरो यांनी १९६३ मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात वैद्यकीय सेवा ही इतर वस्तूंसारखी बाजारातील वस्तू का नाही, याची मीमांसा केली आहे. त्यातील एक सूत्र असे की, येथे विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते, म्हणून घेणाऱ्याला विश्वासावर विसंबावे लागते. औषधांच्या परस्परसंघर्षात ही विषमता एका पायरीने पुढे जाते. येथे विकणाऱ्यालाही संपूर्ण माहिती नसते. कर्करोगतज्ज्ञाजवळ एक तुकडा असतो, गावच्या डॉक्टरजवळ दुसरा, औषध दुकानदाराजवळ तिसरा. हे तुकडे एकत्र फक्त एकाच ठिकाणी येतात, आणि ते ठिकाण म्हणजे रुग्णाचे शरीर.

हे तुकडे आधीच जुळवून पाहण्याचे काम कोणी करावे? आपल्या व्यवस्थेत त्याबद्दल कोणालाही मोबदला नाही. डॉक्टरांना तपासणीचे शुल्क मिळते. रुग्णालयाला खाटेचे व सलाइनचे पैसे मिळतात. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ अन्वये कमाल किंमत ठरविताना किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के नफा धरला जातो. म्हणजे विक्रेत्याची मिळकत विकलेल्या मालाच्या किमतीवर ठरते. ‘हे औषध तुम्ही घेऊ नका’ असे सांगणाऱ्या सुज्ञ औषधनिर्मात्याला त्या दिवशी तोटाच होतो. औषधनिर्माण व्यवसायाच्या २०१५ च्या विनियमांत रुग्णाला समजावून सांगण्याची जबाबदारी औषधनिर्मात्यावर टाकलेली आहे. नियम चांगला आहे. पण ज्या कामाला मोल नाही आणि जे न केल्याची झळ लागत नाही, ते काम केवळ नियमाच्या बळावर होत नसते, हे अनुभवाने सिद्ध आहे.

काय करता येईल?

उपाय खर्चिक नाहीत. पहिला उपाय म्हणजे एक साधे कार्ड. केमोथेरपी देणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने रुग्णाला मराठीत छापलेले पोस्टकार्डाएवढे पत्रक द्यावे. त्यावर शिरेतून दिलेल्या औषधाचे नाव देवनागरी व इंग्रजी अशा दोन्ही लिप्यांत, दिल्याच्या तारखा, कोणती औषधे विचारल्याशिवाय घेऊ नयेत त्यांची नावे, आणि अडचण आल्यास कोणत्या दूरध्वनीवर विचारावे हे लिहिलेले असावे. अनेक रुग्णालये जाडजूड फाइल देतात हे मान्य. पण फाइल कपाटात राहते. कार्ड खिशात राहू शकते.

हे करण्यास आजचा काळ विशेष अनुकूल आहे. केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसभराची उपचार केंद्रे उभारण्याचा, आणि त्यांपैकी २०० त्याच वर्षी सुरू करण्याचा संकल्प जाहीर झाला. रुग्णाला मुंबईची वारी चुकेल, ही मोठीच सोय आहे. परंतु शिरेतून जाणारी ही तीव्र औषधे जसजशी गावाजवळ येतील, तसतशी गावच्या दवाखान्यातील औषधांशी त्यांची गाठ पडण्याचा संभवही वाढेल. खाटा आणि यंत्रे यांच्या खर्चात एका कार्डाची छपाई आणि ते समजावून सांगणाऱ्या एका औषधनिर्मात्याचे वेतन यांची तरतूद करणे अवघड नाही. त्या औषधनिर्मात्याचे वेतन विक्रीशी जोडलेले नसावे, हे महत्त्वाचे.

दुसरा उपाय नोंदीचा आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे २०१० मध्ये सुरू झाला. त्याचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे, आणि डॉक्टरांप्रमाणेच रुग्ण व नातेवाईकही तेथे कळवू शकतात. जपानमध्ये पंधरा मृत्यू एका ओळीत मांडता आले म्हणून सत्य बाहेर आले. आपण कळविलेच नाही, तर आपले मृत्यू कधीच एका ओळीत येणार नाहीत.

या सूचनांवर एक आक्षेप संभवतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अशा याद्या हाती दिल्या तर रुग्ण घाबरून आवश्यक औषधेच बंद करतील, असे काही डॉक्टर म्हणतात. वॉरफॅरिन किंवा फेनिटॉइन स्वतःच्या मनाने थांबविणे हे खरोखरच धोक्याचे आहे. अशा रुग्णांची रक्ततपासणी वारंवार करून मात्रा सांभाळता येते. दोन्ही औषधे एकत्र देताच येत नाहीत असे नव्हे. म्हणूनच कार्डावर ‘बंद करा’ असे न लिहिता ‘विचारा’ असे लिहावे. भीती अज्ञानातून वाढते. जपानच्या त्या रुग्णांना भीती वाटली नाही, कारण त्यांना काहीच ठाऊक नव्हते. ती निर्धास्तता त्यांना महाग पडली.

शेवटी, सरकार व रुग्णालये जागी होण्याची वाट न पाहता करण्याजोगे एक काम आहे. या वृत्तपत्राच्या वाचकांत शिक्षक आहेत, कारकून आहेत, विद्यार्थी आहेत. म्हणजे लिहिता-वाचता येणारी आणि आप्तेष्टांत ज्यांच्या शब्दाला थोडा मान आहे अशी माणसे आहेत. नात्यात वा शेजारी कोणी केमोथेरपी घेत असेल, तर रुग्णालयातील परिचारिकेला त्या सलाइनमधील औषधाचे नाव विचारून ते कागदावर उतरवावे. घरात चालू असलेली प्रत्येक गोळी, चूर्ण, काढा, मलम त्याखाली लिहावे. काही लपवू नये, वैद्यांचे औषधही नाही. तो कागद प्रत्येक डॉक्टरपुढे आणि प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर ठेवावा. आणि शक्य तितक्या हळुवारपणे रुग्णालाही त्याच्या आजाराचे नाव सांगावे. ते नाव जड आहे खरे. पण आपण जवळ नसताना डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर त्यालाच द्यावयाचे आहे.